पिवळा चिमटा

सुखदेवा, मले भेव वाटून राह्यलं. हे पहिले सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं लिहिता येईन. उभा जन्म पंचायत समितीत फायली सरकवल्या, किती साहेबायच्या शिव्या खाल्ल्या, कधी अडलो नाही. अन् आज तुले चार ओळी लिहाले बसलो तर पेन चालत नाही. तू असता तर म्हणाला असता, बाबू, पेनची बॅटरी उतरली काय बे. तू नाही म्हणून तर लिहून राह्यलो. तू समोर असताना इतकी वर्षं जमलं नाही.

मागच्या रविवारी तुह्या मागचं पुण्यानुमोदन झालं, गेलेल्या माणसासाठी करतात ते. विहारासमोर मांडव होता. बोरीतले अर्धेअधिक लोक आलते, तुह्या कापसाच्या जिनिंगमधले जुने गडी आलते. पंचशील घेताना साऱ्यायसोबत मीही हात जोडून उभा होतो. खोटं न बोलण्याचं शील मले म्हणवलं नाही. बाकीचे पुढे गेले, मी तिथंच राह्यलो. मग आपला शाळेतला राठोड मास्तर बोलला, चांगला बोलला, अन् माइक त्यानं माह्या हाती दिला. मी म्हटलं, सुखदेव चांगला माणूस होता. अजून एकदा तेच म्हटलं अन् खाली बसलो. लोकायले वाटलं, बाबूचा कंठ दाटला. तुही पोरगी करुणा बिचारी पाण्याचा गिलास घेऊन आली. कंठ गिंठ काही दाटला नव्हता, मी भेलो होतो. समोरच्या ओळीत पांढऱ्या लुगड्यात वहिनी बसल्या होत्या अन् माह्याकडेच पाहून राह्यल्या होत्या.

सांगायचं ते एकच आहे. जिनिंगमधली ती आग तुह्या हातानं लागली नव्हती, माह्या हातानं लागली होती. एवढं तुले सांगायचं राहून गेलं अन् तू गेला. त्या मांडवात वाटलं, आता ते वहिनीले सांगणं आलं, अन् तेव्हा त्याचंच भेव होतं.

पण अर्ध्यातून सांगितलेली गोष्ट तुले कधी चालली नाही. पहिल्यापासून सांग, म्हणे. तर घे पहिल्यापासून.

जिनिंगचा तू वायरमन. मालकाच्या पुतण्यानं बाहेरदेशातून रेडिओवर चालणारी, हातभर लांब गाडी आणलती. दोन दिवसांत ती मोडली अन् त्यानं ती तुह्या पुढ्यात टाकली, भंगारात दे म्हणे. तू ती घरी नेली अन् वहिनीच्या पोळपाटावर उघडली. आठ दिवस तुह्या घरात पोळ्या नाही, नुसत्या भाकरी. नवव्या दिवशी गाडी गल्लीतल्या कोंबड्यायच्या मागे लागली. तिचा ट्रान्समीटर पिस्तुलासारखा होता. मूठ धरायची, बोटानं घोडा ओढला की गाडी पुढे, बाजूचं उलसं, रुपयाएवढं चाक फिरवलं की गाडी वळे. वहिनी त्याले रिमोट म्हणत. तू सेट म्हणे, म्हणून आपण सारे सेट म्हणू लागलो.

मले त्या गाडीनं येड लावलं. नागपूरच्या एका दुकानातून मीही गाडी आणली, माह्यामागे मास्तरनं आणली. आमचे सेट काड्यायचे होते. चपटा डबा, त्यावर दोन काड्या, त्या दोन अंगठ्यायनं हलवायच्या. तू हसे. गाडीले चाक असते, काड्या आगपेटीत असतात, म्हणे. सेट निवडायचा तर मुठीचाच, बाकी सारे कुटाणे. हे तुहं तेव्हाचं म्हणणं. ध्यानात ठेव, कारण पुढे तू उलटला.

कापसाची ती वर्षं तुले मी काय सांगू, तू तिथंच होता. जिथं कापसाच्या बैलबंड्यायची रांग पार सडकेवर जाये तिथं दिवसाकाठी चार-दोन बंड्या. अर्ध्या मशिनी बंद. गुरुवारी तर सारंच बंद, अन् ते एवढं मोठं सिमेंटचं आवार मोकळं, गुळगुळीत. खरं सांगू, मले तिथं खेळाले लाज वाटे. जिथं लोकायचा कापूस असाले पाह्यजे तिथं तीन बाप्ये गाड्या पळवून राह्यले. मी तुले तसं म्हटलंही होतं. तू म्हणाला, मशिनी बंद असल्या की हे आवार खायले उठते, गाडीचा आवाज तरी बरा. मग मीही लाज सोडली.

सेटात नखाएवढं एक क्रिस्टल असे अन् गाडीत त्याचा जोडीदार. त्यायवर रंगाची पट्टी. दोन सेट एका रंगाचे आले की कोणाच्याही सेटानं कोणाचीही गाडी पळे. पहिल्याच महिन्यात मास्तरच्या सेटानं माही गाडी नालीत नेली. मास्तरनं क्रिस्टल बदललं, पण तुह्या जिवाले तेवढ्यानं चैन नाही. तू वहिनीच्या दोरीवरचे कपड्याचे तीन चिमटे आणले, रंगवले अन् पंपघरापाशी तारेवर लावले. पिवळा तुहा, लाल माहा, हिरवा मास्तरचा. ज्याले सेट चालू करायचा त्यानं आपल्या रंगाचा चिमटा काढून कॉलरले लावायचा. तारेवर चिमटा नसला तर त्या रंगाचा सेट कोणीच चालू करायचा नाही. एकदा मास्तर विसरला तर तू त्याले त्याच्या सासऱ्यासमोर झापलं. मी तुले चिमटेवाला म्हणे. वहिनी म्हणत, माही लुगडी बाभळीवर उडून राह्यली अन् यायचे चिमटे कॉलरले.

नियम तुहा होता. मोडला मी.

हिवाळ्यात मी कचेरीच्या कामानं नागपूरले गेलतो. काम झालं, एसटीले वेळ होता, पाय त्या दुकानाकडे वळले. तिथं काचेत मुठीचा सेट होता, तुह्यासारखा, त्याहून नवा. तीन वर्षं तुह्या हातात पाहून पाहून माह्या पोटात दुखे, आज कायले खोटं सांगू. दुकानदारानं विचारलं, क्रिस्टल कोणतं देऊ. मी म्हटलं, दे कोणतंही. मी नुसती मूठ पाह्यली. हातात कशी बसते, घोडा कसा ओढला जाते, चाकाले रबर कसं आहे. सेट निवडताना मूठ सगळे पाह्यतात, पट्टी कोण पाह्यते? त्यानं पिवळं दिलं. मी पिशवीत घातलं अन् एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तुमाले दोघायले चकित करायचं म्हणून कचेरी सुटल्यावर मी पिशवी घेऊन मागच्या फाटकानं आत आलो. पिशवीत सेट अन् माहा जेवणाचा डबा. तू पार तिकडे पंपघरापाशी उभा होता, कॉलरले पिवळा चिमटा. तुही गाडी आवाराच्या या टोकाले, माह्यापासून दहा-बारा हातावर, चकरा मारून राह्यली होती. माह्या बाजूलेच ताडपत्री सरकलेली कापसाची गंजी. त्या हंगामात आवारात तेवढी एकच गंजी होती, सुखदेवा. मी ओट्यावर बसलो. मले राहवलं नाही. सेटावर एक उलसा काटा असे, बॅटरी भरली की उजवीकडे जाये. तो काटा पाहायचा होता. एरियल तर आत ढकललेलं आहे, म्हटलं, सिग्नल जाऊन जाऊन कुठे जाते. मी पिशवीत हात घातला अन् बटण सरकवलं.

डबा घोड्यावर दाबून बसला होता. हे मले मागून कळलं.

तुही गाडी चकर मारता मारता एकदम सरळ झाली अन् सुटली. तू तिकडून सेट हलवून राह्यला, मग सेट हातात धरून पळाले लागला. तू दूर होता, मी जवळ होतो, गाडीनं माहं ऐकलं. ती गंजीत घुसली ती अर्धी आत गेली. चाकायले कापूस गुंडाळला, मोटर अडकली अन् तरी जोर करत राह्यली. त्या गाडीत वेग कमी-जास्त कराले चिनी मातीची एक कांडी होती. ती तापे, चहाचं आधण येईन इतकी तापे, हे तूच आम्हाले सांगितलं होतं. गंजीच्या बुडातून धुराचा एक बारीक दोरा निघाला. कापसाची आग आधी दिसत नाही, आतल्या आत चालते, अन् दिसते तेव्हा काही उरत नाही. जिनिंगमधल्या माणसाले हे सांगा लागत नाही. तू आला अन् तसाच हात घातला. पोतं शोधलं नाही, वाळूची बादली शोधली नाही. गाडी ओढून सिमेंटवर फेकली अन् मग जळता कापूस मुठीमुठीनं बाहेर काढू लागला, आत जाऊ नये म्हणून.

मी तेव्हा काय केलं, ते लिहितो. मी पहिले पिशवीत हात घालून बटण बंद केलं. मग पिशवीचं तोंड बांधलं. मग तुह्याकडे आलो. क्रम हाच होता.

मास्तर अन् चौकीदार बादल्या घेऊन आले, विझलं. चादरीएवढा कापूस जळाला, त्याहून जास्ती नाही. कोणी म्हटलं, नशीब. तुह्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत लोंबत होती.

हात बांधलेला असतानाच मालकानं तुले बोलावलं. मी सोबत आलो, कारण तू म्हणाला, बाबू, तू चल, तुले बोलता येते. मालकापुढे तू म्हणाला, साहेब, चूक माही आहे, गाडीतलं क्रिस्टल ढिलं राह्यलं असन, मी तपासलं नाही. माहं तोंड उघडलं होतं, सुखदेवा, शप्पथ उघडलं होतं. तेवढ्यात डोक्शात सारं एकदम आलं. सरकारी नोकरी, पोलीस, गावात नाव, बापाचं तोंड. मालकानं माह्याकडे पाहून विचारलं, काय बाबू, खरं आहे काय. मी म्हटलं, "हो. मी पाह्यलं, ढिलंच होतं."

चूक होती ती गंजीपाशी झाली. पाप हे झालं. तू माह्याकडे पाह्यलं अन् मान खाली घातली, तुह्या चुकीवर मी शिक्काच मारला होता. मालक तसा बरा माणूस. तुले काढलं नाही, गाड्या तेवढ्या बंद केल्या.

दोन वर्षं आपण गाड्यायचं नाव काढलं नाही. मग मास्तरनं शाळेचं मैदान सुचवलं अन् तू हो म्हणाला, मले तर विश्वासच बसला नाही. आला तेव्हा तुह्या हातात काड्यायचा सेट होता. तारेवरचे तीन चिमटे तू जपून ठेवले होते, तेही सोबत. मी विचारलं, काय बे चाकवाल्या, काड्या कशा काय. तू म्हणाला, मुठीचा सेट पोरखेळ आहे, खरा सेट काड्यायचा, अंगठ्याले जे कळते ते बोटाले कळत नाही. मी तुह्या बोटाकडे पाह्यलं. घोडा ओढायचं बोट सरळच राह्यलं होतं, वळत नव्हतं. तू ते कधी बोलला नाही. मले तर त्या बोटाचा विषय निघाला तर पुढे काय निघन याचंच भेव. म्हणून मी भांडलो. काड्या वाईट, चाक चांगलं, असा जोरजोरात भांडलो की तुहं बोट त्या भांडणात बुडून गेलं.

मग ते भांडण आपलं रोजचंच झालं. एसटी स्टँडसमोर चहा पेता पेता, मास्तरच्या पोरीच्या लग्नात पंगतीत. तू म्हणे, काडी सोडली की गाडी आपोआप मधात येते. मी म्हणे, चाकही येते. तू म्हणे, मग तू कायले काड्या घेऊन हिंडते, घे ना मुठीचा, अडवलं कोणी. तिथं मी विषय बदले. मुठीचा सेट माह्या घरी होता, ट्रंकेत, जुन्या पंचायत राजच्या फायलीखाली. त्या दिवसानंतर तो मी उघडला नाही अन् फेकलाही नाही. फेकाले नेला असता अन् कोणी पाह्यला असता तर. इतकी वर्षं माह्या बायकोनं ट्रंक साफ करतो म्हटलं की मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी समजे, कचेरीचे कागद असतील.

तू वायरमनचं काम, ते विजेचं पॅनेल सोडून वजनकाट्यावर गेला, तेव्हा मले वाईट वाटलं. म्हटलं, बोट गेलं, स्क्रू ड्रायव्हर धरवत नसन. मी तुले बोललो काहीच नाही, वहिनीच्या हाती एकदा संत्री पाठवली. केवढी लाज, सुखदेवा. संत्री.

यंदा दसरा झाल्यावर तू घरी आला. नवा सेट घ्यायचा, म्हणाला, जुना आता दम टाकून राह्यला, तू निवडून दे, तुले मोबाइलवर पाह्यता येते. नव्या सेटात क्रिस्टल नाही, रंग नाही. सेट अन् गाडी एकदा जोडली की ती दुसऱ्या कोणाचं ऐकतच नाही. हे मी तुले सांगितलं अन् तू कप खाली ठेवला. म्हटलं, आता विचारते, अन् विचारलं तर मी काय सांगू. तू विचारलं ते वेगळंच.

"अन् सिग्नल तुटला तर? गाडी थांबते नक्की?"

मी म्हटलं, थांबते, तशी सोय असते, आपण ठरवून द्यायचं की सिग्नल गेला तर मोटर बंद.

"नक्की थांबते? तू पाह्यलं?"

पाह्यलं, म्हटलं. तू तिसऱ्यांदा विचारलं अन् मी तिसऱ्यांदा हो म्हटलं. मग तू म्हणाला, तसाच घे, बाकी रंग गिंग काही नको, अन् काड्यायचा घे. मी लगेच बरं म्हटलं. जन्मात पहिल्यांदा भांडलो नाही. तू माह्या कपाळाले हात लावून पाह्यला, आंग गिंग बरं आहे ना बाबू, म्हणे. तो तुहा तोच हात होता, न वळणाऱ्या बोटाचा. मी तेव्हा बोलाले पाह्यजे होतं. खोलीत दोघंच होतो, चहा गरम होता, तू हसून राह्यला होता. म्हटलं, सेट आला की सांगीन, त्याच्या हातात सेट देईन अन् सांगीन. सेट आला त्या दिवशी मास्तरचा फोन आला की तू गेला.

परवा नव्या सेटाचा तो खोका घेऊन तुह्या घरी गेलो. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. तुह्या गल्लीच्या तोंडावरून दोनदा वापस फिरलो. तिसऱ्यांदा शेजारची बाई म्हणाली, भाऊ, घर विसरले काय, तेव्हा जाणंच आलं. वहिनी ओसरीत तुरीची डाळ निवडत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, चहा आल्यावर मी बोललो नसतो. उभ्यानंच सांगितलं. नागपूर, मूठ, पिवळं क्रिस्टल, डबा, बटण, पिशवीचं तोंड बांधलं तेही, अन् मालकापुढे काय म्हटलं तेही. वहिनीचा हात सुपात फिरत होता, मग फिरायचा थांबला.

मग म्हणाल्या, "भाऊजी, यायनं पॅनेल काहून सोडलं, माहीत आहे तुमाले?"

मी म्हटलं, बोट वळत नव्हतं म्हणून.

"बोट गेलं चुलीत. डाव्या हातानं सारं करत होते ते. म्हणत, शीला, माह्या हातावर माहा आता भरोसा नाही. आज क्रिस्टल पाहाले विसरलो, उद्या मेन लाइन विसरीन अन् कोणी मरन."

मग त्यायनं एकेक सांगितलं, माह्याकडे न पाहता. तू करुणाले कधी सायकलच्या दांडीवर बसवलं नाही. ती रडे, बाकीच्या पोरीयचे बाप बसवतात म्हणे, अन् तू सायकल हातात धरून तिच्यासंगं शाळेपर्यंत पायी जाये. घरचा फ्यूज उडाला तर तू, वायरमन असून, शेजाऱ्याच्या पोराले हाक मारे. गॅस बंद केला का ते तीनदा पाहे, कुलूप तीनदा ओढे. नातू झाला तेव्हा तू त्याले मांडीवर घेतलं, पण उचलून कधी घेतलं नाही. मले वाटलं होतं तुहं एक बोट गेलं. हे सारं मले त्या ओसरीत उभ्या उभ्या कळलं.

"मले वाटे, आगीचं भेव बसलं यायच्या मनात," वहिनी म्हणाल्या. "ते आगीले कधी भेले नाही. सोताच्या हाताले भेले."

मी त्यायच्या पाया पडाले वाकलो, त्यायनं पाय आत घेतले. मले माफी मागून काय करता, म्हणाल्या, हात काय माहा होता? ज्याचा हात होता त्याले सांगा. मी म्हटलं, वहिनी, आता कसं सांगू. "बोलता तुमाले तेव्हाही आलं नाही अन् रविवारीही आलं नाही. लिहाले येते ना? जन्म त्यातच गेला तुमचा. लिहा. अन् चांगला माणूस होता असं लिहू नका, ते साऱ्या बोरीले माहीत आहे."

मग त्या आत गेल्या. खुंटीवर तुहा शर्ट तसाच होता, शाळेच्या मैदानावर घालत होता तो निळा, अन् कॉलरले पिवळा चिमटा. तिघायचे रंग कधीचे पक्के वेगळे, चिमट्याचं काही कामच उरलं नव्हतं आता, मास्तर तुले हसे, तरी तू लावल्याशिवाय सेटाले हात लावत नव्हता. मी त्याले तुही खोड समजत होतो. वहिनीनं चिमटा काढला अन् माह्या हातावर ठेवला. ज्यानं सेट चालू केला त्यानं चिमटा घ्यायचा, म्हणाल्या, असाच नियम होता ना यायचा. चहा विचारला नाही. तुह्या घरून मी पहिल्यांदा बिनचहाचा निघालो. खोका तिथंच राह्यला, त्याचं काय करायचं ते करुणा ठरवन.

घरी येऊन बायकोले सांगितलं, ट्रंक तिच्यासमोर उघडली. रात्री मास्तरले फोन केला. त्यानं शेवटापर्यंत ऐकलं अन् फोन ठेवला. आज सकाळी मालकाच्या घरीही जाऊन आलो. मालक आता म्हातारे झाले, ऐकू कमी येते, दोनदा मोठ्यानं सांगा लागलं, सुनेनं अन् गड्यायनंही ऐकलं. वाटलं होतं, सांगितलं की भेव जाईन. गेलं नाही. आधी भेव होतं की कळन, आता भेव आहे की कळून काय उपयोग. तू एवढी वर्षं माह्याशी काड्या अन् चाकावर भांडला, हसला, माह्या कपाळाले हात लावला, अन् मनात सोताच्या हाताले भीत राह्यला. मी एक वाक्य बोललो असतो तर तू करुणाले दांडीवर बसवलं असतं. मी हे धरून कसा जगू ते मले माहीत नाही, अन् तुले विचारायची सोय नाही.

चिमटा कॉलरले लावून लिहून राह्यलो. तुले पहिल्यापासून पाह्यजे होतं, ते सांगितलं. आता शेवटचं सांगतो, अन् हे तू ऐकच, बाकी काही ऐकू नको.

सुखदेवा, क्रिस्टल ढिलं नव्हतं. पिवळा चिमटा तुह्या कॉलरले होता अन् सेट माह्या पिशवीत चालू होता. तुहा हात कधीच चुकला नव्हता.